उष्टा पाइप

तंबाखूची मला शिसारी आहे आणि ती लपवावी असं मला कधी वाटलं नाही. माझं माहेर निपाणीचं. हंगामात त्या गावात श्वास घेतला की तंबाखूच आत जाते. वखारींतून भुकटी उडायची, देवळात आरती चाललेली असली तरी माणसं शिंकत असायची, आणि वाळत घातलेल्या चादरीही अंगावर घेतल्या की नाक चुरचुरायचं. बाहेर हे, तर घरात आईची मशेरी. सकाळी उठून ती तव्यावर तंबाखू भाजायची, मग मागच्या दारात बसून बोटानं दात घासायची आणि मोरीच्या कडेला पिचपिच थुंकायची. पुढे त्याच हातानं माझी वेणी घालायची. "हात धुतलेत गं," म्हणायची, पण शाळेत बसल्यावर माझ्या वेणीला वास यायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा इंजिनिअर आहे, बंगळूरला मोठ्या सरकारी कारखान्यात आहे, ह्याचं कौतुक सगळ्यांना होतं. मला आनंद झाला तो मुलगा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, ह्याचा.

मल्लेश्वरमला आम्हाला एका जुन्या घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालक मराठीच, पण त्यांच्या कितीतरी पिढ्या इथे गेलेल्या. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं, बरोबरला 'सरी' आणि थोड्याला 'स्वल्प', आणि प्रेम पुरेपूर असायचं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. कारखान्याची बस सकाळी कोपऱ्यावर यायची, हे डबा घेऊन जायचे, संध्याकाळी परत यायचे. आमचं चांगलं चाललं होतं.

ह्यांचं एक मात्र पहिल्या दिवसापासून होतं. उष्ट्याचं फार. मी तोंड लावलेल्या पेल्यातलं पाणी ह्यांना चालत नसे. स्वतः भांडं वर धरून, ओठ न लावता पाणी प्यायचे. भाजीत मीठ किती झालं ते बघायला मी डावातलं थेंबभर हातावर घेई, तरी त्यांची नजर त्या डावाकडे असायची, की तो पुन्हा भाजीत जातो की काय. मुलगी झाली, रांगायला लागली, दात आले. तिनं चावलेला पेरू प्रेमानं बापाच्या तोंडाशी नेला, तर ह्यांनी तिचं मनगट धरून तो पेरू दूर केला आणि मला म्हणाले, "हिला आत्तापासून सवय लाव." हॉटेलात गेलो तर कपात आधी उकळतं पाणी घालून मागायचे. पोऱ्या वैतागायचा. मला ह्या सगळ्याचा त्रास नव्हता. स्वच्छ माणूस आहे, असंच मी धरून चालले होते.

मग ह्यांची बदली नव्या विभागात झाली आणि वरती एक साहेब आले. विलायतेत शिकलेले, उंचेपुरे, तोंडात कायम पाइप. त्यांचा पाइप पाहून त्या विभागातल्या तरुण इंजिनिअरांनी एकामागून एक पाइप धरले. कारखान्यात वर जायचं तर साहेबांच्या जवळ जायला हवं, आणि जवळ जायला काहीतरी निमित्त हवं, असा हिशेब. आमच्याकडेही एक दिवस इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून कागदात गुंडाळलेला पाइप आला. कसल्यातरी हलक्या लाकडाचा, वर चॉकलेटी रंग फासलेला. मी म्हटलं, "हे काय आणलंत?" तर म्हणाले, "ही चैन नाही गं, हे कामाचं आहे."

ओढता तर येत नव्हता. काडी लावायची, चोखायचं, विझायचा. पुन्हा काडी. खोलीभर जळक्या काड्या, आणि वाटीएवढ्या खोलीत धूर असा की देवाचा दिवा दिसेना. थोड्या वेळानं त्या नळीत लाळ उतरायची आणि प्रत्येक झुरक्याला आतून गुडगुड आवाज यायचा, गटाराच्या तोंडाशी येतो तसा. मग हे पाइप उघडून नळी झटकायचे. भिंतीवर काळपट थेंब उडायचे, ते मी पुसायची. पुसलं तरी पिवळा डाग राहायचाच.

एकदा आरशापुढे वेणी घालताना मी केसांचा आकडा उचलला, तर बोटांना चिकट लागला. वास घेतला आणि ओकारीच आली. ह्यांनी माझ्या आकड्यानं पाइपाची नळी कोरली होती आणि तो तसाच, त्या काळ्या लपक्यासकट, परत आरशाच्या फळीवर ठेवला होता. माझ्या केसांत घालायचा आकडा! जो माणूस माझ्या पेल्याला तोंड लावत नाही, त्यानं स्वतःच्या लाळेचा चिखल माझ्या डोक्यात जायला ठेवला. मी केस पुन्हा धुतले. आकडा मोरीत टाकून दिला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "पातळ तार हवी होती, एवढं काय?"

पण माझी किळस हा माझा प्रश्न होता. खरा प्रश्न मुलीचा होता. ती चार वर्षांची झाली तोवर तिला धाप लागायला लागली होती. बंगळूरची गार हवा सगळ्यांना मानवते म्हणतात, तिला मानवली नाही. छातीतून शिट्टी वाजायची, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. अशा वेळी तिला आडवं होता येत नसे. भिंतीला गोधड्यांची चवड लावून मी तिला बसवायची, ती तशीच बसल्या बसल्या झोपायची, तोंड उघडं टाकून. धूर झाला की त्या दिवशी हे हमखास व्हायचं. अक्कांनाही पलीकडून शिट्टी ऐकू यायची. त्या ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून घेऊन यायच्या आणि मुलीची छाती शेकत मला म्हणायच्या, "यजमानांना सांग की गं, बाहेर जाऊन ओढा म्हणून. असा आत धूर सोडला तर लेकराला कसं सरी होणार? स्वल्प तरी कळायला नको काय माणसाला?"

मी सांगत नव्हते असं नाही. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि ह्यांना सांगितलं, "घरात धूर नको. कसलाही." हे गंभीरपणे मान डोलावत घरी आले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शर्टाच्या बाह्या वर करून ह्यांनी माझा रॉकेलचा स्टोव्ह, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं, सगळं उचललं आणि मागच्या उघड्या ओसरीवर नेऊन मांडलं. वरून पत्र्याचा आडोसा केला. "आता घरात धूर नाही," म्हणाले, आणि आत जाऊन खुर्चीत बसून पाइप पेटवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वारा आला की स्टोव्ह फडफडायचा, भातात कचरा उडायचा, आणि आत, नेमकी पोरगी बसली होती तिथे, पाइप गुडगुडत असायचा.

माझे वडील साचे कोरायचे. संक्रांतीला साखरेची चित्रं करतात ना, त्यांचे लाकडी साचे. साग घ्यायचा, दोन फळ्यांत मिळून एक शंख, एक मासा, एक कमळ असं कोरायचं, आणि मग त्यात पाक ओतायचा. मला भाऊ नव्हता, म्हणून त्यांनी कोरण्या माझ्या हातात दिल्या. त्यांचं एकच सांगणं असायचं, खोल जा. वरवर कोरलेल्या साच्यातून चपटं, मुकं चित्र निघतं, म्हणायचे. लग्नात त्यांनी मला लहान कोरण्यांची एक पिशवी दिली. बंगळूरला तर संक्रांतीला घरोघरी साखरेची चित्रं वाटतात. माझे साचे बघून अक्का हरखल्या होत्या, आणि दर संक्रांतीच्या आधी आमच्या ओसरीवर शेजारणींची रीघ लागायची. नवीन साचा मागितला की मी कोरून द्यायची.

ह्यांना त्या कोरण्यांत कधी रस नव्हता. पण एक दिवस पाइप माझ्यापुढे धरून म्हणाले, "ह्यावर एक साधंसं पान कोरून दे. साहेबांच्या पाइपावर तसं आहे." आलेख-कागदावर त्यांनी ते पान पेन्सिलीनं काढून आणलं होतं. तीन पानं एका देठाला.

"हे बेलाचं पान आहे," मी म्हटलं. "हे ह्या घाणीवर कोरायचं?"

"बेल कसला? ते विलायती पान आहे. क्लोव्हर म्हणतात. शुभ असतं ते त्यांच्यात."

"मी नाही कोरणार."

मग ते म्हणाले, "कोरून दे, मी घरात ओढणं बंद करतो. फाटकाबाहेर जाऊन ओढीन. शप्पथ."

मुलगी तेव्हा गोधड्यांना टेकून बसली होती. मी हात पुढे केला.

कोरायला घेण्याआधी तो साफ करावा लागला, आणि ते काम माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात घाण कामांत मोडतं. मुलीचं हागमूत काढलं आहे, मोरी तुंबलेली हातानं काढली आहे, पण ह्याची सर कशाला नाही. आत कोळशाचा थर, त्याखाली गुळाच्या काकवीसारखं काळं काहीतरी. नळीतून पाणी सोडलं तर पिवळं, तारेसारखं ओघळत आलं. नाकाला पदर बांधून, एक चिंधी बोटाला गुंडाळून मी ते खरवडलं आणि मध्ये दोनदा उठून ओसरीच्या कडेला गेले. निपाणीतून सुटले असं मला वाटत होतं. ती वखार इथे माझ्या मांडीवर येऊन बसली होती.

मग गोणपाटात धरून गुडघ्यांत पाइप आवळला आणि पान आखलं. आधी देठ, मग प्रत्येक पानाची मधली शीर, मग कडा. लाकूड हलकं, कोरणी सहज शिरत होती. एकदा कोरायला लागल्यावर घाण विसरले, हे खरं. हात आपल्या वळणानं गेला. वडिलांनी शिकवलं तसा, खोल. तिन्ही पानं अशी भरदार उतरली की त्यात पाक ओतला असता तर उचलून ताटात ठेवावीत. वरून थोडं मेण घासलं. ह्यांनी उजेडात धरून पाहिला आणि इतके खूश झाले की मला जरा बरंसुद्धा वाटलं.

फाटकाबाहेर ते गेले, नाही असं नाही. काही दिवस गेले. पण पाइप आता देखणा झाला होता ना! फाटकाबाहेर अंधारात तो कोणाला दिसणार? कारखान्यातले सोबती घरी येऊ लागले. त्यांच्यापुढे खुर्चीत बसून, पान बाहेरच्या बाजूला येईल असा धरून, हे ओढायला लागले. "मिसेसनं कोरलंय," म्हणायचे. आत पोरीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली की मी दाराशी येऊन उभी राहायची. पाहुण्यांसमोर मी बोलणार नाही, हे त्यांना माहीत होतं. आपल्याच हातानं मी त्या घाणीला दागिना घातला, ह्या विचारानं मला स्वतःच्या बोटांचाही राग यायचा.

अशात साहेबांनी आम्हाला चहाला बोलावलं. मुलीला अक्कांकडे ठेवून, हे नवी टेरिलिनची पँट घालून आणि मी ठेवणीतली साडी नेसून, आम्ही बंगल्यावर गेलो. मोठा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. साहेबांच्या बायकोचे केस मडमेसारखे कापलेले, तिनं चहा ओतला. ह्यांनी थोड्या वेळानं, सहज काढल्यासारखा, पाइप काढला. साहेबांनी पाहायला मागितला, पानावरून अंगठा फिरवला, इंग्रजीत काहीतरी म्हणाले. ह्यांनी मला नंतर सांगितलं की ते म्हणाले, काम सुंदर आहे पण हे कोरलंय कोणीतरी पाइप न ओढणाऱ्यानं. हे त्यातलं 'सुंदर' तेवढंच मनावर घेऊन हसले आणि ठासून तंबाखू भरून पेटवला.

साहेबांशी बोलायच्या भरात ह्यांनी जोरजोरात झुरके मारले. मी समोरच बसले होते, म्हणून मला आधी दिसलं. मधल्या पानाची शीर काळी पडली. मग लाल झाली. मग त्या शिरेतून धुराची बारीक रेघ बाहेर आली, आणि हे अजून बोलतच होते. एकदम पान तडकलं आणि निखारा ह्यांच्या मांडीवर पडला. टेरिलिन वितळून भोक पडलं. हे ओरडून उठले, पाइप फरशीवर पडला, आणि साहेब खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसले. साच्याला खोली लागते आणि पाइपाला भिंत जाड लागते, हे मला त्या क्षणी कळलं. वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, सुटलो.

पण साहेब मनानं मोठे. ते उठून आत गेले आणि त्यांच्या पाइपांच्या घडवंचीवरचा एक पाइप घेऊन आले. जुना, काळाकुट्ट, ओठांकडच्या टोकाला दातांच्या खुणा पडून ते टोक पिवळट झालेलं. "हा तुम्ही घ्या," म्हणाले, "चांगला मुरलेला आहे." लोणचं मुरतं तसा तो मुरला होता, कितीतरी वर्षांच्या त्यांच्या थुंकीत. हे दोन्ही हातांनी तो घेऊन वाकले. मला वाटलं, खिशात घालतील. ह्यांनी तो तिथल्या तिथे तोंडात घातला. पुसलासुद्धा नाही. साहेबांच्या दातांच्या खुणांवर आपले दात बसवले आणि हसले.

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या पेरूची मला आठवण झाली. पोटच्या पोरीनं चावलेला पेरू ज्यांना चालला नाही, ते परक्या माणसाची लाळ चघळत बसले होते, आणि तोंडावर प्रसाद मिळाल्याचा भाव! इतकी किळस मला निपाणीच्या वखारींची नाही आली, आईच्या मशेरीची नाही आली, त्या आकड्याचीही नाही आली.

घरी आल्यावर तो पाइप खोलीतच पेटला. मी म्हटलं, "निदान विसळून तरी घ्या." तर म्हणाले, "वेडी आहेस का? पाइपाला पाणी लावत नाहीत. लाकूड फुटतं." पलीकडे पोरगी गोधड्यांना टेकून बसली होती. सकाळी बसला निघताना ह्यांनी तो माझ्या हातात दिला. "ह्यावरही तसंच पान काढ. पण ह्या वेळी वरवर. साहेबांना दाखवायचाय." फाटकाबाहेर ओढण्याचा विषयसुद्धा निघाला नाही.

बस गेली. मी ओसरीवर स्टोव्ह पेटवला, वनस्पती तुपाचा रिकामा डबा पाण्यानं भरून वर ठेवला, त्यात धुण्याचा सोडा टाकला, आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पाइप आत सोडला. पाणी आधी चहासारखं झालं, मग डांबरासारखं. वास असा सुटला की अक्का नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

"काय शिजवतेस गं बाई?"

"उष्टं भांडं आलंय घरात, अक्का. उकळतेय."

त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरी. चिंच आणून देते, स्वल्प राख पण घे." आणि आत जाऊन खरंच घेऊन आल्या.

काथ्यानं, राखेनं, चिंचेनं मी तो घासला. पितळेचं भांडं घासावं तसा, आतून बाहेरून. मग धुण्याच्या दगडावर उन्हात ठेवला. दुपारपर्यंत त्याला तोंडापासून तळापर्यंत चीर गेली होती. कडक रबराची वाकडी नळी उकळून सरळ झाली होती आणि तिच्यावर पांढरट बुरशीसारखा रंग आला होता. त्याला आता राखेचा आणि चिंचेचा वास येत होता. मी तो स्वच्छ पुसून ह्यांच्या खुर्चीवर ठेवला.

संध्याकाळी आले ते बघतच राहिले. "हे काय केलंस?"

"उष्टा होता. घासला."

"तुला सांगितलं होतं ना, पाण्यानं फुटतो म्हणून?"

"सांगितलं होतं. पण आपल्या घरात दुसऱ्याचं उष्टं चालत नाही, हेही तुम्हीच सांगितलंय. साहेबांनी विचारलं तर सांगा, बायको अडाणी आहे."

त्यांचा हात उगारला जाईल असं एक क्षण वाटलं. पण तो फुटका पाइप उचलून ते खुर्चीत बसले आणि त्याच्या चिरेवरून बोट फिरवू लागले. पेरूचा नियमही त्यांचाच होता आणि पाइपही त्यांचाच.

माझ्याशी त्यांनी कितीतरी दिवस बोलणं टाकलं. पण दुसरा पाइपही आणला नाही. आणला असता तर साहेबांनी विचारलं असतं, माझा कुठे गेला? सरसानं चीर भरून ते तोच पाइप खिशात घेऊन जायचे आणि साहेब समोर आले की रिकामाच तोंडात धरायचे. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय, असं सांगायचे. स्टोव्ह ओसरीवरच राहिला, मी त्याबद्दल तक्रार केली नाही. गोधड्यांची चवड भिंतीशी हळूहळू कमी होत गेली.

मग एका रविवारी दुपारी मी भांडी आवरून आत आले. हे चटईवर पडले होते आणि त्यांच्या पोटावर पोरगी आडवी झोपली होती. आडवी. एवढंसं तोंड मिटून, शिट्टी नाही, काही नाही. आधी ती त्यांच्या जवळ गेली की "बाबा, वास" म्हणून तोंड फिरवायची. त्यांचा एक हात तिच्या खाली दबून गेला होता, तो ते हलवत नव्हते. दुसऱ्या हातानं सवयीनं त्यांनी खिसा चाचपला, पाइप काढला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले. पोरीच्या केसांकडे पाहिलं. मग बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले, अगदी हळू, तिला जाग येऊ नये म्हणून.

"हा बाहेर टाकून दे."

मी ओसरीवरून सांडशी आणली आणि त्यांच्या हातातून तो सांडशीनं उचलला.